किती झाल्या?

हा प्रश्न ज्याला कधी कोणी विचारला नाही असा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे. स्वयंपाकघराबाहेर गेलेली आई कुठूनतरी ओरडून विचारते, आपण कशाततरी डोकं घालून बसलेलो असतो, आणि ठोकून देतो, "दोन!" भात कच्चा राहतो, दोष तांदळाला लागतो आणि जग चालू राहतं. पण एका माणसाने याच प्रश्नाच्या जोरावर अमेरिकेतल्या अल्फारेटामध्ये स्वतःचं घर राखलं होतं आणि याच प्रश्नाचं उत्तर चुकलं म्हणून ते गेलं, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा नागपूरचा दिसतो, फेकतोय. फेकतो हे खरं आहे. माझ्या सांगण्यातलं निम्मं पाणी आटवून टाका. खाली मीठ राहील ते मात्र खरं आहे.

काका माझे घरमालक. त्यांच्या बेसमेंटमधली खोली बघायला मी गेलो तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, कंपनी विचारली नाही, व्हिसा कुठला तेही विचारलं नाही. दार उघडलं, मला खालून वर न्याहाळलं, विशेषतः कानांपाशी जरा रेंगाळले आणि म्हणाले, "खाली जाऊन बस. दार लावून घे." मी गेलो. कॉटवर बसून राहिलो. वर भांड्यांची आदळआपट, मग बराच वेळ माणसाची चाहूल नाही. शेवटी जिन्याच्या टोकावरून आवाज आला, "किती झाल्या?"

"काय काका?"

"शिट्ट्या रे!"

"चार. पण चौथी फुसकी होती."

हा उंच, वाळक्या, सहा फुटी शेवग्याच्या शेंगेसारखा माणूस तो जिना धडाधड उतरून खाली आला आणि त्याने माझा हात असा दाबला, की त्या आठवड्यात मी एका हाताने कोडिंग केलं. "फुसकी होती! असा कान हवा! खोली तुझी. आधीचा पोरगा कानात ती गाण्याची बोंडं घालून बसायचा. त्याच्या आधीचा काय म्हणाला माहितीये? 'अंकल, आय वॉज इन अ मीटिंग.' मीटिंग! इकडे शेंगा करपल्या आणि हा मीटिंगमध्ये!"

मला वाटलं, तऱ्हेवाईक म्हातारा आहे. अमेरिकेत एकटा राहिलेला प्रत्येक म्हातारा कशाने तरी वेडा होतो. कोणी हिरवळीने, कोणी शेअर बाजाराने. हा कुकरच्या शिट्ट्यांनी झाला, एवढंच.

काका मूळचे कराडच्या बाजूचे. कृष्णाकाठची काळी माती आणि भुईमुगाचे वेल सोडून इंजिनियर होऊन ते जॉर्जियात आले आणि उत्तरेकडच्या एका गालिच्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. ते सांगायचे की तिथली यंत्रं चालू झाली की माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू यायचा नाही. तिथे लग्न ठरलं तर मुलीला होकार कागदावर लिहून द्यावा लागेल, असा आवाज. आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ते आणि काकू गाडीने दक्षिणेकडे चालले होते, तर रस्त्याच्या कडेला एक पाटी दिसली, उकडलेल्या शेंगा. शेजारी आंघोळीच्या हंड्याएवढं पातेलं आणि त्याच्यामागे खुर्चीत एक गोरा म्हातारा. "मी गाडी थांबवली आणि रडलो," काका सांगायचे. "सात समुद्र ओलांडून यावं आणि पलीकडे आपलीच मावशी चुलीशी बसलेली दिसावी, तसं झालं. मग एक शेंग खाल्ली आणि पुन्हा रडलो. लगदा केला होता रे त्याने! सालीसकट लगदा!"

त्यातून ते प्रसिद्ध युद्ध उद्भवलं. मी तेव्हा नव्हतो, पण ऐकून ऐकून आता मी तिथे होतो असंच मला वाटतं. काही वर्षांनी पुन्हा तिकडे जाताना काका डिकीत गॅसची छोटी शेगडी आणि काकूंचा कुकर घालून गेले. हा कुकर काकूंनी लग्नानंतर साड्यांमध्ये गुंडाळून देशातून आणलेला. बुड एवढं जाड, की तो पडला तर फरशी फुटेल. गोऱ्या म्हाताऱ्याचं म्हणणं, शेंगा सकाळी चढवायच्या, संध्याकाळी उतरवायच्या, मध्ये देवाचं नाव घ्यायचं. काकांचं म्हणणं, देवाला कशाला त्रास, कुकर आहे. भर रस्त्यात पैज लागली. ट्रकवाले थांबले. काकांनी शेंगा धुतल्या, पाणी समुद्राएवढं खारट केलं, शेंगा तरंगू नयेत म्हणून वर पालथी ताटली दाबली, झाकण लावलं. आणि पहिली शिट्टी अशी झाली, की म्हाताऱ्याचा कुत्रा उठला तो थेट अलाबामाच्या हद्दीत जाऊन थांबला. म्हाताऱ्याने खुर्चीमागे लपून हात वर केले. एक ट्रकवाला शरण आला. आणि त्या सगळ्या गोंधळात काका तसेच शांत उभे, पापणीसुद्धा हलली नाही. "काकू मागून म्हणाली, 'एक झाली हो!' आणि मी फक्त गॅस बारीक केला."

ही गोष्ट ऐकताना आम्ही सगळे त्या कुत्र्याला हसायचो. पापणी न हलण्याचा विचार कोणी केला नाही.

काकांची काही वचनं होती. "तरंगते ती शेंग अजून शेतातच आहे, बुडाली की घरची झाली." "गॅस बंद केल्यावर झाकण उघडायला धावतो त्याला लग्नात सुख नाही." आणि सगळ्यात लाडकं, "शिट्टी शिजवते, पण मुरवतं ते मौन." म्हणजे काय, तर गॅस बंद केला की वाफ आपोआप जिरू द्यायची, शेंगा त्याच खारवणीत पडू द्यायच्या, तेव्हा कुठे मीठ दाण्यापर्यंत पोचतं. बाजारात ओल्या शेंगा आल्या की काकांच्या अंगात यायचं. गोणीच्या गोणी घरात. गाडीला मातीचा वास. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला सगळे श्रीखंड आणि ढोकळे घेऊन येत, काका टोपलंभर शेंगा. टरफलांचा जो डोंगर व्हायचा तो विमानातून दिसत असे, असं मी म्हणालो तर तुम्ही त्यातला डोंगर कापून ढिगारा करून घ्या.

आणि अनवाणी! जानेवारीत, बर्फ पडायला आलंय, आणि हा माणूस घरात लाकडी जमिनीवर अनवाणी. मी विचारलं, "काका, थंडी नाही वाजत?" म्हणाले, "पाय झाकले की घर कळत नाही." मला हे वाक्य इतकं आवडलं, की मी ते ऑफिसात दोघातिघांना स्वतःचं म्हणून ऐकवलं.

दुसरं त्यांचं आवडतं वाक्य शांततेबद्दल होतं. उन्हाळ्यात जॉर्जियातले झाडांवरचे किडे संध्याकाळी असा कल्ला करतात, की दोन माणसं शेजारी बसून एकमेकांना फोन करतील. काका मागच्या अंगणात खुर्ची टाकून, डोळे मिटून म्हणायचे, "काय शांतता आहे रे या देशात!" मी म्हणायचो, याला म्हणतात स्थितप्रज्ञ. घरातल्या छतावरच्या, धूर हुंगणाऱ्या स्मोक डिटेक्टरची बॅटरी संपत आली होती आणि तो थोड्या थोड्या वेळाने टिर्र करून किंचाळायचा. मी तळघरात असूनही माझ्या दाढा शिवशिवायच्या. काका त्याच्या बरोब्बर खाली बसून पेपर वाचायचे. आठवड्यामागून आठवडे. मी आईला फोनवर सांगितलं, "आई, मी एका संताच्या घरी राहतो."

एका शनिवारी दुपारी मला राहवलं नाही. नवीन बॅटरी आणली, स्टुलावर चढलो. काकांनी खालून स्टुलाचे पाय धरले आणि बोलायला लागले. यंदाच्या शेंगेत दाणा बारीक आहे, पाऊस कमी झाला असणार, मीठ किती घालावं वगैरे. मी बॅटरी बसवली आणि नीट चालतंय ना बघायला बटण दाबलं.

तुम्ही ते कधी ऐकलंय? कानाजवळ? मेंदूत कोणी दाभण घातल्यासारखं होतं. मी एका हाताने एक कान दाबला, दुसरा खांद्याला चिकटवला, डोळे मिटले. आणि उघडून खाली पाहिलं तर काका बोलत होते. तसेच. मिठाबद्दल. ओठ हलत होते, हाताची बोटं चिमूट दाखवत होती, चेहऱ्यावर तोच आनंद. त्यांचं मला काही ऐकू येत नव्हतं आणि मला जे ऐकू येत होतं ते त्यांना.

मग त्यांनी वर पाहिलं. माझा कानावरचा हात दिसला त्यांना. बोलणं थांबलं. स्टुलाचे पाय सोडले नाहीत, पण नजर माझ्यावरून जमिनीवर गेली.

आवाज बंद झाल्यावर म्हणाले, "तिला सांगू नकोस."

तिला म्हणजे मुलीला. एकुलती एक, इथेच जन्मलेली, दूर उत्तरेत शॉमबर्गला राहणारी. विमा कंपनीत आगीचे क्लेम बघायची. राखेत उभं राहून आग कुठल्या कोपऱ्यातून सुरू झाली हे सांगणं, हाच तिचा धंदा. मी तिला ताई म्हणायचो, ती मला 'द बेसमेंट गाय' म्हणायची. त्या मीटिंगमध्ये बसणाऱ्या भाडेकरूच्या काळात कुकर कोरडा पडून घरभर धूर झाला होता. डिटेक्टर बोंबलत होता, शेजाऱ्यांनी अग्निशमनवाल्यांना बोलावलं, ते दार फोडून आत आले तेव्हा काका दिवाणखान्यात बसून शब्दकोडं सोडवत होते. मुलीला सांगितलं, मी बाथरूममध्ये होतो. तिने विश्वास ठेवला, पण म्हणाली, "वन मोअर टाइम, बाबा, आणि घर विकायचं. यू मूव्ह नियर मी." तिच्या गावात म्हाताऱ्यांसाठी एक ठिकाण होतं. तिथे खोलीत शेगडी नव्हती.

"जाड आवाज कळतात," काका मला म्हणाले. "तुझा बोलका आवाज कळतो. बारीक, तीक्ष्ण गेलं सगळं. पाखरं गेली, फोनची घंटी गेली, शिट्टी गेली. कारखान्याने नेलं."

"कधीपासून?"

"काय माहीत? काकू होती तोवर मला कळलंच नाही. ती घरात कुठेही असो, ओरडायची, एक झाली हो, दोन झाल्या हो. ती गेली आणि कुकर वाजायचाच बंद झाला. आधी वाटलं, शिट्टीचं वेट बिघडलं. नवीन आणलं. मग कळलं. बघत उभा राहिलो तरी नुसती फुसफुस कुठली नि शिट्टी कुठली, समजत नाही."

"काका, मशीन लावा ना कानाला."

"डॉक्टरकडे गेलो की कागद होणार, कागद झाला की तिला कळणार. नको."

तेव्हा आम्ही तो करार केला. मला पगार देणाऱ्या कंपनीने माझ्याकडून इतकं काटेकोर काम कधी करून घेतलं नाही. काका वर कुकर चढवणार, मी बेसमेंटमध्ये लॅपटॉपसमोर, शेजारी झाडू. शिट्टी झाली की झाडूच्या दांड्याने छताला एक ठोका. वर अनवाणी उभ्या काकांना तो तळपायातून कळायचा. ठक, एक. ठक, दोन. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः गॅस बंद केला आणि जिन्यातून खाली डोकं काढलं तेव्हा त्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी कुठल्याही नवऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. "अरे, ऐकू आली!" म्हणाले. पायाने ऐकलेलं ऐकणंच असतं, तेव्हा मी कशाला वाद घालू?

माझ्या मीटिंगा चालू असायच्या. एकदा कॅलिफोर्नियातला मॅनेजर विचारत होता, "इज समवन डूइंग कन्स्ट्रक्शन देअर?" मी म्हणालो, "पीनट्स," आणि म्यूट झालो.

मग काका माजले. हा शब्द मी प्रेमाने वापरतो. मंडळाची माणसं घरी बोलवायची, सगळे दिवाणखान्यात गप्पांत दंग, आणि काका मध्येच बोट वर करायचे, "आली!" लोक म्हणायचे, "काय कान आहेत काकांचे! आम्हाला तर या गोंगाटात कळलंही नाही." खाली मी घामाघूम, झाडू हातात, वरच्या हशाखाली कान टवकारून बसलेला. एकदा एका पाहुण्याने कौतुकाने विचारलं, "काका, रहस्य काय?" काका म्हणाले, "अनवाणी राहतो."

आणि मग ओल्या शेंगांच्या दिवसांत मुलगी आली.

येताना तिने विजेवर चालणारा एक कुकर आणला. आपोआप शिजवतो, आपोआप बंद होतो, बीप करतो. तिच्या मते तो तह होता. मी काकांना स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात गाठलं. "काका, घ्या ना हा. ऐकायचं काही कामच नाही. घर राहील."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं कोणी आणलेल्या स्थळाकडे बघतात. "याला शिट्टीच नाही."

"नाही तेच चांगलं ना!"

"मग उरलं काय?"

आणि मुलीला मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "तुझी शंका मी आज फेडतो. आईच्या कुकरमध्ये शेंगा करतो. तू इथे बस, बघ. नीट झालं की ते शॉमबर्गचं पुन्हा काढायचं नाही. कबूल?"

तिने खूप वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "ओके, बाबा. कबूल." हा एक मराठी शब्द तिने अगदी नीट उच्चारला. ती हरायला तयार होती. तिला हरायचं होतं.

मी पाय न वाजवता जिन्याकडे सरकलो, झाडूकडे. "नो नो, यू टू," ती म्हणाली. "स्टे. आय वॉन्ट अ विटनेस."

झाडू खाली राहिला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या टाचेकडे पाहिलं, काकांनी मान हलवली. ठरलं. शिट्टी झाली की मी टाच आपटणार. मी फ्रीजला टेकून उभा राहिलो, बूट घातलेले, सैनिकासारखा.

काकांनी शेंगा धुतल्या. पाणी खारट केलं. ताटली पालथी दाबली. झाकण लावलं, वेट ठेवलं, गॅस मोठा केला आणि पदराशी खेळणाऱ्या बाईसारखं अॅप्रनशी खेळत उभे राहिले. अॅप्रन काकूंचा होता, त्यावर सूर्यफुलं होती. मुलगी टेबलाशी बसून त्या जागेबद्दल सांगायला लागली. बाग आहे, गुरुवारी इंडियन फूड असतं, एक गुजराती आजोबा आहेत, कॅरम आहे. सांगताना तिचं तिलाच ते ऐकवत नव्हतं. बोलता बोलता तिचा पाय हलायला लागला. काहींना सवय असते, मन अस्वस्थ झालं की टाच जमिनीवर पडते. ठक.

काकांचा चेहरा उजळला. "एक!"

कुकर अजून नुसता फुसफुसत होता.

मी डोळ्यांनी नाही नाही म्हटलं, मान हलवली, हात हलवला. काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते मुलीकडे बघत होते, जिंकल्यासारखे. तिला काही कळेना. ती बोलायची थांबली, आणि थांबल्यामुळे आणखी अस्वस्थ झाली. ठक.

"दोन! बघ, ऐकतेयस ना? आता बारीक करायचा." आणि त्यांनी अगदी नजाकतीने गॅस बारीक केला.

"बाबा..."

"बोलू नकोस, चुकतं." ठक. "तीन! ही जरा हलकी होती." ठक. "चार. झाल्या." गॅस बंद केला, हात झटकले आणि आमच्याकडे पाठ करून ताटं धुवायला नळाशी गेले. "आता वाफ जिरू दे. मुरवतं ते मौन."

एकही शिट्टी झाली नव्हती.

ती माझ्याकडे बघत होती. मी फ्रीजवर चिकटवलेल्या गणपतीकडे बघत होतो. राखेवरून आगीचा उगम ओळखणारी बाई ती. तिला किती वेळ लागणार? तिने हात गुडघ्यावर दाबून पाय थांबवला. मग काकांच्या पाठीकडे बघत, मुद्दाम, हळूच, टाच जमिनीवर आपटली. ठक.

काका वळले नाहीत. ताट विसळत म्हणाले, "ती उरलेली वाफ असते गं. ती मोजायची नाही."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

झाकण उघडलं तेव्हा ताटली खालून शेंगांनी वर ढकलली होती. सगळ्या तरंगत होत्या. काकांनी एक फोडली. टरफल कडक, मोडताना काटकी मोडल्यासारखा आवाज आला. दाणा तोंडात टाकला, चावला. थांबले. त्यांना कळलं. माझी टाच जागची हललीच नव्हती हे आत्ता त्यांच्या लक्षात आलं, मग मुलीचा पाय पाहिला, मग तिचे डोळे. आयुष्यात एकदाच मी त्यांना खोटं बोलताना अडखळलेलं पाहिलं.

"यंदा शेंगाच जून निघाल्या," म्हणाले.

तिने ताट पुढे ओढलं. एक फोडली, खाल्ली. दुसरी. तिसरी. कच्च्या, मातीच्या वासाच्या, वरून नुसत्या खारट झालेल्या. खात राहिली, गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसलंही नाही. "छान झाल्यात, बाबा," म्हणाली. "रिअली. सो गुड." काका समोर बसून तिला बघत होते, पंगतीत आग्रह करून झालेल्या माणसासारखे. शेवटची शेंग संपेपर्यंत ती उठली नाही. घर त्या ताटाबरोबर संपलं, हे तिघांनाही माहीत होतं.

ती निघताना मी गाडीपाशी गेलो. "ताई, कानाला मशीन लावता येईल. तो विजेचा कुकर आहे. मी आहे खाली."

"इट्स नॉट द इअर्स," ती म्हणाली. "कान गेले तर गेले. त्यांनी मला सांगितलं नाही. तू पण नाही. अलार्म ऐकू येत नाही आणि कोणाला सांगायचं नाही... तुला माहितीये, मी रोज कुठल्या घरांत जाते? एक्झॅक्टली अशाच घरांत." मग गाडीत बसत, "आई असती तर..." आणि गाडी सुरू केली.

घराबाहेर विक्रीची पाटी लागली. काका भांडले असते तर बरं झालं असतं. मी तशी तयारी केली होती. साखळीने स्वतःला गॅसला बांधून घेतील, मंडळ मोर्चा काढेल, गोरा शेंगावाला ट्रक घेऊन येईल, अशा कितीतरी गोष्टी मी मनात रचून ठेवल्या होत्या. त्यातली एकही झाली नाही. ते मुकाट्याने गेले. जाताना पायांत मोजे आणि बूट होते. मी त्यांना बुटांत पहिल्यांदाच पाहिलं. दारात वळून घराला नमस्कार वगैरे काही नाही, फक्त मला म्हणाले, "कुकर तुला. तिकडे चालत नाही."

घर विकलं जाईपर्यंत मी बेसमेंटमध्ये राहिलो. बाजारातल्या शेवटच्या ओल्या शेंगा घेतल्या आणि एका दुपारी वर रिकाम्या स्वयंपाकघरात गेलो. सामान गेलेलं, भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. कुकर चढवला आणि काकांना फोन लावला. तिकडे गेल्यावर मुलीने त्यांना सगळ्यात आधी कानाची मशीनं बसवून दिली होती, सगळ्यात भारी. मला वाटलं होतं, आनंदात असतील.

"ऐकू येतं का काका?"

"सगळं येतं रे." आवाज बारीक झाला होता. "पंखा ऐकू येतो. पलीकडे टीव्ही लागतो तो येतो. शेजारच्या खोलीत एक बाई आहे, ती रडते. तिला वाटतं, कोणाला ऐकू जात नाही. परवापर्यंत मलाही नव्हतं जात."

मी गॅस मोठा केला.

"आणि हिचा आवाज," ते म्हणाले. "लेकीचा. अगदी तिच्या आईसारखा झालाय. कधी झाला रे?"

"काका, थांबा. तुम्हाला एक ऐकवतो." मी फोन कुकरपाशी धरला. वेट डळमळलं, उचललं आणि शिट्टी झाली. रिकाम्या घरात ती भिंतींवर आपटत फिरली. कुत्रा असता तर या वेळी टेक्सासला पोचला असता. फोन कानाला लावला.

"काका? आली?"

पलीकडे तो पंखा ऐकू येत होता.

"ही होय?" ते म्हणाले. "अशी असते?"

"अशीच असते काका. तुमच्याच कुकरची आहे."

"नाही रे. ही नुसतीच वाजली." मग म्हणाले, "मागून कोणी काही म्हणालंच नाही."

माझा आवाज नागपुरी, जाड, काकूंच्या आवाजाशी त्याचं काही नातं नाही. तरी मी म्हणालो, "एक झाली हो."

"तू नको," काका हळूच म्हणाले. "ठेवतो."

फोन बंद झाला. तेवढ्यात दुसरी झाली आणि माझी टाच आपोआप जमिनीवर आपटली. ठोका लाकडातून खाली उतरला, रिकाम्या बेसमेंटमध्ये गेला आणि तिथेच राहिला. कुकर वाजत होता. किती झाल्या, ते मग मी मोजलं नाही.